बाळाची चेष्टा

१

नव्याने आईबाप झालेल्यांनी आपल्या तान्ह्या मुलाची घरी काढलेली छायाचित्रे हा समीक्षेचा विषय होऊ शकत नाही, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रवासवर्णने, पत्रे, रोजनिशा, बखरी, इतकेच नव्हे तर जमाखर्चाच्या वह्याही आपण वाङ्मयाच्या परिघात आणून बसवल्या. परंतु ज्या चित्रांत माणसाच्या चरित्राचे पहिले पान उमटते, त्यांच्याकडे आपण एक तर कौतुकाने पाहून हसतो, नाही तर तुच्छतेने पाठ फिरवतो. या दुर्लक्षाचा परिणाम असा झाला की, या चित्रांविषयी बोलण्याचा सारा अधिकार सामान विकणाऱ्यांच्या हाती गेला. वेताची टोपली, सशाच्या कानांची लोकरी टोपी, कागदी फुलांची शेज, महिन्याचा आकडा कोरलेली लाकडी पाटी, एवढा संभार जमवल्यावाचून बाळाचे चित्र ‘चांगले’ होत नाही, असा समज आज मध्यमवर्गीय घरांत पक्का होऊ लागला आहे.

प्रस्तुत लेखाचा या समजाला विरोध आहे. हा विरोध केवळ अभिरुचीच्या भेदातून आलेला नाही. या तऱ्हेच्या चित्रांत तीन गोष्टींचा बळी जातो, असे माझे म्हणणे आहे: बाळाच्या चेष्टेचा, त्याला सांभाळणाऱ्या हातांचा आणि त्याच्या स्वतःच्या रंगरूपाचा. या तिन्ही गोष्टी गेल्यावर चित्रात जे उरते ते गोंडस असेल, पण ते त्या बाळाचे चित्र नसते.

२

आपल्या काव्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार कॅमेऱ्याच्या जन्मापूर्वी कित्येक शतके करून ठेवला आहे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वत्सल या रसाला स्वतंत्र स्थान दिले. त्याचा स्थायीभाव वत्सलतास्नेह, त्याचे आलंबन अपत्य, आणि त्याची उद्दीपने सांगताना विश्वनाथाने पहिले नाव घेतले ते बाळाच्या चेष्टांचे. विद्या, शौर्य, दया हे गुण त्यानंतर येतात. अलंकारांचे किंवा सजवलेल्या शेजेचे नाव त्याने मुळीच घेतलेले नाही. वात्सल्य जागे होते ते मूल जे काही करते त्यामुळे, हा या मांडणीचा गाभा आहे आणि तो आजही जसाच्या तसा खरा आहे.

‘चेष्टा’ या शब्दाचा संस्कृतातील अर्थ शरीराची क्रिया, हालचाल. मराठीत येता येता त्याचा अर्थ थट्टा असा झाला. आजच्या बाळचित्रांची शोकांतिका या एका शब्दाच्या दोन अर्थांत सामावली आहे. पहिल्या अर्थाची चेष्टा त्यांतून हद्दपार झाली आहे आणि दुसऱ्या अर्थाची तेवढी चालू आहे.

तान्ह्याच्या चेष्टा किती असतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला सांगण्याची गरज नाही. मूठ उघडणे आणि मिटणे, संपूर्ण तोंडाची जांभई, दूध पिऊन झाल्यावरही हलत राहणारे ओठ, उजेडाकडे वळणारी मान, ताणलेली पायाची बोटे. एकाएकी दचकून दोन्ही हात फाकण्याची जी क्रिया असते, ती तर चार-सहा महिन्यांत कायमची लोपते. ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून येणारे हसू साधारण सहा ते आठ आठवड्यांनी उमटते, आणि त्यापूर्वीचे हसू निराळे, झोपेतले, स्वतःशीच असते. ही स्थित्यंतरे टिपणे हेच या चित्रांचे काम. पण सजावटीच्या चित्राची पहिली अट काय असते? बाळ गाढ झोपलेले हवे. जागे बाळ टोपलीत राहत नाही, टोपी डोक्यावर ठेवत नाही, हनुवटीखाली हात धरून बसत नाही. म्हणूनच असे चित्रण जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत उरकण्याचा आग्रह असतो. त्या दिवसांत बाळाची झोप गाढ असते आणि त्याचे अंग हवे तसे दुमडता येते. जे बाळ काहीच करू शकत नाही, त्या अवस्थेतच ते चित्रणयोग्य ठरावे, ही कल्पनाच वत्सल रसाच्या मुळावर येणारी आहे.

पाळण्याची गाणी बाळाला झोपवण्यासाठी गायली जातात, असा आक्षेप येथे कोणी घेईल. परंतु त्या गाण्यांतील बाळ जागे असते. ते रुसते, हट्ट धरते, रडते, चंद्र मागते. म्हणून तर त्याला आळवावे लागते. सूरदासांच्या पदांतला आणि मराठी गवळणींतला कृष्णही खोड्यांनीच ओळखला जातो. आपल्या लोकपरंपरेने निजलेल्या देखण्या मुलापेक्षा जाग्या, खट्याळ मुलावर अधिक जीव लावला, हे विसरून चालणार नाही.

३

दुसरा बळी हातांचा. एकोणिसाव्या शतकात एक चित्र घेण्यास कित्येक सेकंद लागत, आणि तितका वेळ तान्हे मूल स्थिर राहणे अशक्य. तेव्हा पाश्चात्त्य देशांतील छायाचित्रकारांनी एक युक्ती काढली. आईला खुर्चीवर बसवून तिच्यावर कापड टाकायचे आणि तिच्या मांडीवर मूल ठेवायचे. चित्रात मूल तेवढे दिसे. आई म्हणजे पडद्याचा एक ओबडधोबड उंचवटा. कित्येकदा उरलीसुरली आई लंबगोल चौकटीखाली झाकली जाई. अशा जुन्या चित्रांचे संग्राहक आज त्यांना ‘लपलेली आई’ या नावाने ओळखतात. ती चित्रे पाहताना अंगावर काटा येतो, कारण मूल ज्या कापडावर टेकलेले असते ते कापड श्वास घेत असते.

आज कॅमेऱ्याला सेकंदाचा शेकडोवा अंश पुरतो. आईला लपवण्याची तांत्रिक गरज उरलेली नाही. तरीही ती लपवली जाते. बाळ दोन्ही तळहातांवर हनुवटी टेकून, बेडकासारखे पाय दुमडून विसावले आहे, असे एक चित्र फार लोकप्रिय आहे. मूल आपल्या डोक्याचा भार साधारण तीन-चार महिन्यांपर्यंत नीट पेलू शकत नाही. मग पंधरा दिवसांचे बाळ हे कसे साधते? ते साधत नाहीच. एका चित्रात कोणी तरी वरून त्याचे डोके धरलेले असते, दुसऱ्या चित्रात खालून मनगटे धरलेली असतात, आणि नंतर ही दोन चित्रे संगणकावर जोडून दोन्ही वेळचे हात पुसून टाकले जातात. हे गुपित ठाऊक नसलेले आईबाप घरी त्याची नक्कल करू पाहतात. मान कलंडून बाळाची श्वासनलिका दबण्याचा धोका त्यात असतो. येथे प्रश्न सौंदर्याचा उरत नाही, तो जिवाचा होतो. अशी नक्कल घरात कोणीही करू नये, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

परंतु धोका टळला तरी खोटेपणा टळत नाही. पुसलेले हात कोणाचे असतात? बाळंतिणीचे, तिच्या आईचे किंवा सासूचे, रात्रभर येरझारा घालणाऱ्या बापाचे, आणि आपल्याकडे अनेक घरांत तेल लावून न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईचे. पाय लांब करून पाटावर बसलेली, नडग्यांवर बाळ पालथे घेतलेली आणि एका हाताने त्याचे डोळे जपत दुसऱ्या हाताने पाणी ओतणारी ही स्त्री किती कौटुंबिक संग्रहांत सापडते? ती बहुधा गरीब असते, तिचे नाव पुढे कोणाला आठवत नाही, आणि तिच्या हातून वाढलेल्या मुलांच्या चित्रांत ती नसते. ज्या भाषेत लक्ष्मीबाई टिळकांनी संसाराच्या आठवणींना ‘स्मृतिचित्रे’ हे नाव दिले, त्या भाषेच्या वाचकाला तरी ही उणीव खुपली पाहिजे. स्वयंभू बाळ जगात नसते. प्रत्येक बाळ कोणाच्या तरी हातांवर असते, आणि जे चित्र ते हात दाखवते तेच खरे असते.

४

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की, सजवलेल्या मुलांची छायाचित्रे ही काही आजची विकृती नव्हे. तिला कलेची परंपरा आहे. हे खरे आहे. १८१५ मध्ये कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरन यांना १८६३ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला, आणि पुढे त्यांनी मुलांना पंख लावून देवदूत बनवले. परंतु त्यांचे १८७२ चे ‘आय वेट’ हे चित्र पाहावे. पंख लावलेली ती मुलगी दुमडलेल्या हातांवर हनुवटी टेकून अशी काही पाहते आहे की, तिचा कंटाळा दीड शतकानंतरही आपल्यापर्यंत पोचतो. पंखांना त्या चेहऱ्यावर मात करता आलेली नाही. चित्र श्रेष्ठ ठरते ते म्हणूनच. याच्या उलट अ‍ॅन गेडिस यांच्या ‘डाउन इन द गार्डन’ (१९९६) या पुस्तकाने जगभर लोकप्रिय केलेला, बाळांना फुलांच्या आणि फळांच्या वेषांत बसवणारा प्रकार घ्या. त्यांच्या हाताखाली तांत्रिक कौशल्य होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या प्रकाराचा जो वारसा घराघरांत उतरला, त्यात बाळ बदलले तरी चित्र बदलत नाही. अमक्याच्या टोपलीत तमक्याचे बाळ ठेवले तर कोणाला कळेल? ज्या व्यक्तिचित्रात व्यक्ती बदलून चालते, त्याला व्यक्तिचित्र म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या घरातला आहे. गोकुळाष्टमीला मुलाला मोरपीस लावून कृष्ण करणे ही आपलीच प्रथा. कुंची, टोपडे, वाळे, बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने हीही सजावटच. मग टोपलीवर राग का? याचे उत्तर दादासाहेब फाळके यांनी १९१९ मध्येच देऊन ठेवले आहे. ‘कालियामर्दन’ या चित्रपटात त्यांनी आपली मुलगी मंदाकिनी हिला कृष्ण केले. पण चित्रपटाच्या आरंभी ते मंदाकिनीचा चेहराच प्रेक्षकांसमोर आणतात. ती एकामागून एक भाव दाखवते आणि मग त्या चेहऱ्यातूनच कृष्ण प्रकट होतो. आधी मूल, मग सोंग, हा क्रम महत्त्वाचा आहे. सोंग वठवणारे मूल खेळत असते. त्या खेळात त्याचा वाटा असतो. पंधरा दिवसांचे बाळ खेळात सामील नसते, ते खेळण्याच्या जागी असते. कुंची आणि टोपडे यांची गोष्ट आणखी निराळी. कुंची बाळाच्या डोक्याला आणि पाठीला ऊब देते, आणि ती कोणी तरी त्याच्यासाठी शिवलेली असते. ती बाळाच्या जगण्यातून चित्रात येते. टोपली चित्रासाठी आणली जाते आणि चित्र झाले की माळ्यावर जाते.

जुने ते सोने, असा मात्र या लेखाचा सूर नाही. स्टुडिओत टेबलावर उघडेबागडे पालथे टाकलेले, खुळखुळा वाजवून क्षणभर मान वर करायला लावलेले बाळ हा आपल्या जुन्या संग्रहांचा ठरीव ऐवज आहे, आणि तोही साचाच होता. शिवाय तो साचाही सर्वांच्या वाट्याला आला नाही. अनेक घरांत माणसाचे पहिले छायाचित्र निघाले ते लग्नात किंवा एखाद्या सरकारी कागदासाठी. आज मोबाइलमुळे ही दरी बरीच बुजली, ही साधी गोष्ट नव्हे. ज्यांच्या आजोबांचे बालपणीचे एकही चित्र नाही, त्यांच्या हाती आज साधन आले आहे. ते हाती येताच त्यांनी दुसऱ्याचा साचा गिरवू नये, एवढ्यासाठीच हा सारा वाद.

५

तिसरा बळी रंगरूपाचा. बाळाच्या गालावर किंवा कपाळाच्या कडेला काजळाची तीट लावण्याची आपली चाल आहे. डोळ्यांत काजळ घालू नये असे वैद्यकशास्त्र सांगते, ते योग्यच आहे, आणि दृष्ट लागण्याच्या समजुतीचे समर्थनही येथे करायचे नाही. परंतु तिटेत एक सौंदर्यविचार दडलेला आहे. ती मुद्दाम ठेवलेला दोष आहे. निर्दोष रूप माणसाचे नसते, आणि पाहणाऱ्याच्या नजरेने परिपूर्णतेचा हव्यास धरू नये, असे ती ठिपक्याएवढ्या जागेत सांगते.

आता उलटे चालले आहे. मोबाइलमधील सुशोभनाची योजना नवजाताच्या नाकावरचे पांढरे पुरळ, गालावरचे ओरखडे, पाठीवरचा निळसर डाग, सोलवटणारी त्वचा, सारे काही पुसते आणि जाता जाता कातडीचा रंगही उजळ करते. रेडिओच्या आणि दुधाच्या भुकटीच्या जाहिरातींतून गोऱ्या, गुबगुबीत बाळाची प्रतिमा आपल्या भिंतींवर अनेक वर्षे टांगलेली होती. तिने कित्येक सावळ्या मुलांच्या आयांना मूकपणे अपराधी ठरवले. त्या काळी निदान दिनदर्शिकेवरचे बाळ परके होते. आता आपल्याच बाळाला आपल्याच हाताने त्या बाळासारखे केले जाते. जन्मल्याच्या आठवड्यात मुलाच्या रंगात दुरुस्ती करणारे आईबाप त्याला पुढे कोणत्या तोंडाने सांगणार की, तू आहेस तसा आम्हाला हवा होतास?

६

केवळ निषेधाने काही साधत नाही. घरी चांगले चित्र कसे काढावे, हेही सांगितले पाहिजे. त्याला फारसे काही लागत नाही. लागते ती एक खिडकी, जिच्यातून कडक ऊन सरळ आत येत नाही. ऊन येत असेल तर पातळ पांढरे धोतर किंवा पडदा आडवा लावावा. बाळाला खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, खाली अंथरलेल्या गोधडीवर उताणे निजवावे. उजेड डोक्याकडून किंवा बाजूने पडावा. तो पायांकडून आला की नाकाची आणि हनुवटीची सावली वर चढते आणि गोड चेहराही भेसूर दिसतो. खोलीतले दिवे मालवावेत, कारण दिव्याचा आणि आकाशाचा उजेड एकत्र आला की त्वचेचा रंग बिघडतो आणि मग तो ‘सुधारण्याचा’ मोह होतो. फ्लॅश वापरू नये. तो बाळाला दचकवतो आणि चेहऱ्यावरचा चढउतार सपाट करतो.

उभ्याने खाली पाहत काढलेले चित्र मोठ्यांच्या नजरेचे असते. जमिनीवर आडवे व्हावे आणि कॅमेरा बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा. मोबाइल चेहऱ्याला भिडवू नये. अगदी जवळून त्याचे रुंद भिंग नाक आणि कपाळ फुगवते. दोन-तीन फूट मागे सरून चित्र घ्यावे आणि मग कडा कापाव्यात. हात-पाय हलत असतात, म्हणून सेकंदाचा अडीचशेवा भाग किंवा त्याहून कमी वेळ पुरेल इतका उजेड असावा. बाळाच्या अंगावर वरून कॅमेरा धरायचाच झाला तर त्याचा पट्टा मनगटात असावा. वेळ निवडावी ती दूध पिऊन झाल्यानंतरच्या शांत जागेपणाची. ती मिनिटे थोडी असतात. ती टळली तर टळू द्यावीत. चित्रासाठी बाळाला उठवणे किंवा ताटकळवणे हा अपराध आहे.

नवजाताला सुमारे वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावरचेच बरे दिसते. दूध पिणाऱ्या बाळाच्या डोळ्यांपासून आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. म्हणून बाळाची नजर चित्रात यावी असे वाटत असेल तर खुळखुळ्यापेक्षा एक चेहरा त्याच्याजवळ आणावा आणि त्या दोघांचे मिळून चित्र घ्यावे. असे केले की हात आपोआप चौकटीत येतात. जिने बहुतेक चित्रे काढली, ती आई स्वतः कोणत्याच चित्रात नसते, ही अनेक घरांची कहाणी आहे. तेव्हा कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देणे हेही या कलेचे एक अंग समजावे.

वाढ दाखवायची असेल तर आकड्यांच्या पाट्या नकोत. फाळक्यांनी चित्रपटाकडे वळताना, १९१२ च्या सुमारास, वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून एक छोटा चलत्पट केला होता. कॅमेरा तोच आणि जागाही तीच, बदलत होते ते फक्त रोप. दर महिन्याला तीच खिडकी, तीच गोधडी, तोच प्रहर एवढे पाळले, तर बाळ किती वाढले ते गोधडीचे ठिगळच सांगेल.

शेवटी निवड. एकेकाळी आग्फा क्लिकच्या रोलवर बारा चित्रे निघत आणि त्यांतली चारच धड येत. त्या टंचाईचे गोडवे गायला नकोत, पण तिने लावलेली निवडीची शिस्त घ्यावी. वर्षाकाठी बारा चित्रे कागदावर छापून घ्यावीत. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने तारीख, स्थळ आणि चित्रात ज्यांचे हात आहेत त्यांची नावे लिहावीत. न्हाऊ घालणाऱ्या बाईचेही. त्या दोन ओळींमुळे चित्र चरित्राचे साधन होते.

७

एक प्रश्न उरतो: ही चित्रे कोणी पाहावीत? छायाचित्रावर लिहिल्या गेलेल्या अत्यंत मोलाच्या ग्रंथांपैकी एक, रोलां बार्थ यांचा १९८० चा ‘कॅमेरा ल्युसिडा’, आईच्या वयाच्या पाचव्या वर्षीच्या एका चित्राभोवती उभा आहे. पुस्तकात इतर अनेक चित्रे आहेत, पण ते चित्र नाही. इतरांच्या लेखी ते एक साधारण चित्र ठरेल, म्हणून बार्थ यांनी ते छापलेच नाही. आपल्या बाळाचे चित्र शेकडो अर्धपरिचितांसमोर ठेवणाऱ्यांनी या संयमाचा विचार करावा. जे त्यांना दिसते ते इतरांना दिसणार नाही. आणि जे इतरांना दिसेल ते त्यांना ठाऊक नसेल.

मूल मोठे होते आणि मत बाळगू लागते. १९९१ च्या ‘नेव्हरमाइंड’ या गीतसंग्रहाच्या मुखपृष्ठावर पाण्यात पोहताना दिसणाऱ्या उघड्या बाळाने मोठेपणी, २०२१ मध्ये, त्या चित्रावरून न्यायालय गाठले. खटल्याचे काही का होईना, चित्र काढताना कोणी त्या बाळाला विचारले नव्हते, हे सत्य उरतेच. फ्रान्सने २०२४ मध्ये कायदा करून मुलाच्या प्रतिमेवरील त्याच्या हक्काचे रक्षण हे आईबापांचे कर्तव्य ठरवले. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा मुलांची माहिती वापरणाऱ्यांना पालकांची संमती घ्यायला सांगतो. परंतु व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला वापर त्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे जिथे मुलाचे हित आणि पालकांची हौस यांचा सामना होतो, तिथे कायदा दाराबाहेर थांबतो, आणि आत निर्णय करणारे तेच असतात ज्यांना हौस आहे. अशा वेळी विवेकाची जबाबदारी अधिक वाढते. बाळाच्या नग्नतेचे, आजारपणाचे, हसे होईल अशा फजितीचे चित्र घराबाहेर जाऊ नये. आणि उरलेल्यांपैकीही फार थोडी जावीत.

वत्सल रसात आश्रय आईबाप आणि आलंबन मूल, अशी शास्त्राची वाटणी आहे. आलंबन म्हणजे ज्याचा आधार घेऊन भाव उभा राहतो ते. आधार घ्यायचा तर आधार देणाऱ्याचा मान राखावा लागतो. तान्ह्या मुलाला बोलता येत नाही, ते आपल्या चित्राला होकारही देत नाही आणि नकारही. त्याच्या मौनाचा अर्थ संमती असा न लावता त्याची चेष्टा, त्याला धरणारे हात आणि त्याचा स्वतःचा रंग जसेच्या तसे जपणे, एवढेच चांगल्या बाळचित्राकडून मागायचे आहे. हे मागणे मोठे नाही; तरीही त्यासाठी भांडावे लागते, ही आजच्या अभिरुचीची अवस्था आहे.